मुंगी सांगोल्याची

आमच्या निवृत्त एमआर मंडळींची एक स्मरणिका निघते आहे. एमआर म्हणजे औषध कंपन्यांचे ते टाय लावलेले लोक. तुमचा नंबर आला की नेमके तुमच्या आधी डॉक्टरांच्या खोलीत शिरायचे, ते आम्ही. तुम्ही बाकावर बसून मनातल्या मनात दिलेल्या शिव्या आम्हाला व्यवस्थित पोचत होत्या.

तर या स्मरणिकेचा संपादक म्हणजे माझा जुना सहकारी. दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला.

"तुझी ती मुंगीची गोष्ट लिहून दे. दोन पानं राखून ठेवलीत."

"दुसरं काहीतरी देतो," मी म्हणालो. "अक्कलकोटच्या एसटीत बॅग विसरलो होतो, ते लिहू का?"

"बॅग सगळेच विसरलेत. मुंगी दे."

ज्यांना ती गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना ती पाठ आहे. इंग्रजी वैद्यकात फॉर्मिकेशन असा एक शब्द आहे. अंगावरून किंवा कातडीखालून काहीतरी चालल्यासारखं वाटतं, त्या लक्षणाचं हे नाव. मी, एक साधा एमआर, जाडजूड डिक्शनरी उघडून त्याचं मूळ शोधून काढतो. फॉर्मिका म्हणजे मुंगी, ग्रीक शब्द. म्हणजे आपण पायाला मुंग्या आल्या म्हणतो तेच. मग मी सांगोल्याच्या एका होमिओपॅथ डॉक्टरांना हे सांगायला जातो, तर त्यांच्या कपाटात फॉर्मिका नावाच्याच औषधाची बाटली! ते घाबरून विचारतात, "म्हणजे मी वीस वर्षं पेशंटला मुंग्या खायला घालतोय?" इथे हशा.

या गोष्टीत मुंगी तेवढी खरी आहे. बाकीची गोष्ट मी उलटी केलेली आहे. शब्दाचा अर्थ डॉक्टरांनी मला सांगितला. माझ्याकडे डिक्शनरी नव्हती, आजही नाही. पस्तीसएक वर्षं मी ही गोष्ट सांगून लोकांना हसवलं आणि ज्याने मला ती दिली त्या माणसाला त्यात मूर्ख ठरवलं. ते डॉक्टर आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते वाचू शकतात तोवर खरं छापून यावं, म्हणून हे लिहितो आहे. संपादकाला दोन पानं विनोदी हवी होती. बघू किती जमतंय.

त्या वर्षी आमच्या कंपनीने मधुमेहाच्या पेशंटसाठी एक गोळी काढली होती. तिच्या रंगीत माहितीपत्रकावर एक पाय होता आणि पायातून विजा निघत होत्या. खाली लक्षणांची यादी होती. तिच्यात शेवटचा शब्द फॉर्मिकेशन. ट्रेनिंगमध्ये मी मॅनेजरला विचारलं, "सर, याचा अर्थ काय?"

"अर्थ कशाला पाहिजे? न अडखळता म्हणायचा आणि पान उलटायचं."

"डॉक्टरांनी विचारलं तर?"

"डॉक्टर विचारत नाहीत. त्यांनाही येत नसतो."

मॅनेजरचं हे म्हणणं महिनाभर खरं ठरलं. मी सोलापुरात, बार्शीत, मंगळवेढ्यात फॉर्मिकेशन म्हणत हिंडलो आणि एकाही डॉक्टरने भुवई उचलली नाही.

मग मे महिन्यात सांगोल्याची फेरी आली. पाऊस नसलेलं सलग दुसरं वर्ष. रस्त्यात टँकरमागे टँकर. दुपारी दोनला माझ्या यादीतले सगळे डॉक्टर संपले आणि परतीची एसटी चारला होती. गळ्यात टाय, हातात आठ किलोची बॅग. होमिओपॅथ आमच्या यादीत नसत, कारण ते आमची गोळी लिहून देणार नव्हते. आम्ही आपसात त्यांना साबुदाणावाले म्हणायचो. पण या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर लिंबाची सावली होती, बाक होतं आणि आत माठ दिसत होता. मी शिरलो.

डॉक्टर पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. पांढरा शर्ट, पायजमा. त्यांनी मला अर्धा तांब्या पाणी दिलं. अर्धाच, कारण टँकर तीन दिवसांनी यायचा होता. फुकट पाणी प्यायल्याची लाज वाटून मी बॅग उघडली आणि माझं भाषण सुरू केलं.

"थांबा," ते मधेच म्हणाले. "आत्ता शेवटी काय म्हणालात?"

"फॉर्मिकेशन, सर."

"म्हंजे काय हो?"

"एक लक्षण आहे, सर."

"लक्षण हाय ते कळलं की. कसलं?"

"मज्जातंतूंचं," मी म्हणालो आणि पान उलटलं.

त्यांनी ते पान परत उलटं फिरवलं. बाकावर घोंगडी पांघरून एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. मे महिन्यात घोंगडी. डॉक्टर त्याला म्हणाले, "आजोबा, पायाला काय हुतंय म्हणत होता मगाशी?"

"मुंग्या येत्यात की वो. निजलं की वर चढत्यात."

"ऐका," डॉक्टर मला म्हणाले. "तुमच्या कंपनीच्या कागदाचा अर्थ आजोबांनी सांगितला."

मग त्यांनी कपाटातून बोटभर बाटली काढून माझ्या तळहातावर ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: फॉर्मिका रुफा. "फॉर्मिका म्हणजे लॅटिनमधली मुंगी. रुफा म्हणजे तांबडी. तांबड्या मुंग्या घोटून हे औषध करतात. मुंगी चावल्यावर जी आग होते ना, त्या आम्लालाही इंग्रजीत तिचंच नाव दिलंय, कारण पहिल्यांदा ते मुंग्यांतूनच काढलं. आणि अंगावर मुंग्या फिरल्यासारखं होणं म्हणजे तुमचं ते फॉर्मिकेशन. गंमत बघा. रोमच्या माणसाच्या पायालासुद्धा मुंग्याच येत होत्या. झुरळं न्हाईत, गोगलगायी न्हाईत. मुंग्याच."

"तितल्या मुंग्या चावत्यात का?" मेंढपाळाने विचारलं.

"चावत असतील. पण लॅटिनमध्ये."

म्हातारा खूश झाला. मग बाटलीकडे बघून म्हणाला, "आन् ह्यात मुंगी हाय व्हय?"

"इतकी पातळ केलीय की शोधून सापडायची न्हाय."

"मग दिऊन उपेग काय?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना खोकला आला. मी त्या दिवशी सांगोल्याहून परत आलो तो हवेतच. एवढ्या मोठ्या जगात एवढी लहानशी गोष्ट इतकी नीट बसलेली मी कधी पाहिली नव्हती. एसटीत शेजारच्याला सांगितली, कंडक्टरला सांगितली. तेव्हा मी अजून "एका डॉक्टरांनी सांगितलं" असंच म्हणत होतो. हे मुद्दाम नोंदवतो, कारण माझ्या बाजूने नोंदवण्यासारखं एवढंच आहे.

बिघडलं ते सोलापुरात. एका मोठ्या फिजिशियनांकडे आम्हाला दोन मिनिटं मिळायची आणि त्या दोन मिनिटांत ते रिपोर्ट वाचत असायचे. मी फॉर्मिकेशन म्हटलं आणि थांबलो. "सर, याचं मूळ माहीत आहे का?" त्यांनी मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या चष्म्याची फ्रेम समोरून दिसली. मी मुंगी सांगितली. लॅटिन हा शब्द ऐनवेळी आठवेना, म्हणून ग्रीक म्हणालो. त्यांनी हरकत घेतली नाही.

"वा! कुठं मिळालं हे?"

सांगोल्याचे होमिओपॅथ म्हणालो असतो तर त्यांनी मान खाली घातली असती, असं मला वाटलं. मी म्हणालो, "डिक्शनरीत शोधलं, सर."

"एमआर असून वाचन आहे तुमचं," ते म्हणाले आणि चहा मागवला. त्या खोलीत एमआरला चहा मिळाल्याचं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

चहाची चटक वाईट. पुढच्या डॉक्टरांकडे मुंगी चालली, पण चहा आला नाही. त्यापुढच्यांकडे मी सहज म्हणून बाटलीचा उल्लेख केला आणि ते हसले, कारण होमिओपॅथवर हसायला त्यांना आवडायचं. मग मला वाट सापडली. दर फेरीत सांगोल्याचे डॉक्टर थोडे थोडे अडाणी होत गेले. आधी त्यांना शब्द माहीत नव्हता. मग बाटलीत काय आहे तेही माहीत नव्हतं. शेवटी ते घाबरून उभे राहायला लागले. मी त्यांचा आवाजही काढायचो. माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा ही गोष्ट जास्त खपली.

कंपनीच्या वार्षिक बैठकीत मॅनेजरने मला व्यासपीठावर बोलावून ती सांगायला लावली. "अर्थ कशाला पाहिजे" म्हणणारा तोच मॅनेजर. हॉल हसून लोटपोट झाला आणि मला बक्षीस म्हणून पाच लिटरचा प्रेशर कुकर मिळाला. तो कुकर आमच्याकडे अजून आहे. रोज सकाळी साडेदहाला त्याच्या चार शिट्ट्या होतात.

गोष्टीत मी डॉक्टरांचं नाव कधी घेतलं नाही. याचंही मला तेव्हा कौतुक वाटायचं. पण सांगोला म्हणायचो, आणि त्या काळी सांगोल्यात होमिओपॅथ दोनच होते, त्यातला एक नुकताच आलेला पोरगेला. पाच-सहा महिन्यांनी मी तिथल्या औषध दुकानात उभा होतो. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "एक भारी गोष्ट ऐकली का, साहेब?" आणि त्याने मला माझीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या एमआरने त्याला सांगितली होती. संपल्यावर त्याने हनुवटीने रस्त्यापलीकडचा लिंब दाखवला.

"गावात त्यांना आता मुंगी डॉक्टर म्हणत्यात. माळकरी लोक जाईनात त्यांच्याकडं. गळ्यात माळ घालून मुंग्या कशा खायच्या, सांगा. तसं पाह्यलं तर निम्मा तालुका माळकरी."

मी हसलो. काय करणार, दुकानदार हसत होता. पण माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या शर्टातले डॉक्टर आणि रिकामं बाक आलं. रस्ता ओलांडून समोर जायला वीस पावलं होती. जाऊन काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी दुकानामागच्या बोळातून स्टँडवर गेलो.

त्यानंतर सांगोल्यात मी कायम त्या बोळातून जायचो. एकदाच चुकून समोर आलो. पुन्हा उन्हाळाच होता. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी हाक मारली, "एमआर, पाणी पिऊन जावा की!"

"एसटी आहे, सर," मी म्हणालो. एसटीला दीड तास होता.

त्यानंतर वर्षभरात मी मॅनेजरच्या हातापाया पडून फिरतीसाठी दुसरा भाग मागून घेतला. सांगोला सुटलं. गोष्ट मात्र सोडली नाही, हे सर्वांत लाजिरवाणं. लोकच म्हणायचे, "ती मुंगीची सांग," आणि मी सांगायचो. मुलीच्या लग्नातसुद्धा सांगितली.

संपादकाच्या फोननंतर चार दिवस मी कागद घेऊन बसत होतो आणि उठत होतो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात बसायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नावालाच आहे. पाचव्या दिवशी कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा बायको म्हणाली, "एवढी पाठ असलेली गोष्ट लिहायला काय झालंय?"

मी तिला सगळं सांगितलं. चारही शिट्ट्या होऊन गेल्या. तिने गॅस बंद केला.

"तरीच," ती म्हणाली. "मी तेव्हापासून विचार करतेय, आपल्या घरात डिक्शनरी होती कुठं?"

"मग विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, ऑफिसात असेल." मग कुकरकडे बघून, "म्हणजे हा कुकर त्यांचा."

"असं कसं?"

"असंच. त्यांच्या गोष्टीला मिळालाय. नेऊन द्या."

"पस्तीस वर्षं वापरलेला कुकर नेऊन देऊ?"

"रबर नवीन घातलंय की गेल्याच महिन्यात."

कुकर मी नेला नाही. शेंगाचटणीची दोन पाकिटं घेतली आणि सकाळची एसटी धरली. डॉक्टर आहेत की नाहीत हेही मला माहीत नव्हतं. सांगोल्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा दिसत होत्या, आणि मी मनात घोकत होतो. "सर, एक सांगायचं राहिलं होतं." "सर, ओळखलंत का?" तसं मी आयुष्यभर दारातून आत शिरण्याचीच नोकरी केली. त्या दिवशी लिंबाखाली पोचल्यावर कडी वाजवायला मला पाच मिनिटं लागली.

दार एका बाईंनी उघडलं. डॉक्टरांची मुलगी. तिथल्याच शाळेत शिक्षिका आहे. मी सांगितलं, पूर्वी एमआर होतो, सोलापूरहून आलोय, डॉक्टरांना भेटायचंय.

ती बाजूला झाली नाही. "मुंगीवाले का?"

"हो," मी म्हणालो.

"मला शाळेत मुंगीची पोर म्हणायचे. सातवीपर्यंत." हे तिने हजेरी घ्यावी तसं सांगितलं. "मी रडत आले की पप्पा म्हणायचे, थांब, तो एमआर येऊ दे, त्यालाच विचारू, असं का सांगितलंस. तुम्ही आलाच नाहीत."

माझ्या हातात चटणीची पाकिटं होती. ती पुढे करावीत की मागे घ्यावीत हेही मला कळेना.

"कोण हाय गं?" आतून आवाज आला.

"तुमचा एमआर," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

डॉक्टर खाटेवर बसले होते. शर्ट तोच पांढरा, आतला माणूस निम्मा. ऐकू कमी येतं, पण नजर चांगली आहे. मी घोकलेलं सगळं विसरलो आणि सरळ सांगत सुटलो. शब्द तुम्ही सांगितला, मी डिक्शनरीचं नाव केलं, नंतर तुम्हाला गोष्टीत कसं अडाणी केलं, कुकर, सगळं. ऐकू यावं म्हणून ओरडून सांगावं लागलं. कबुली हळू आवाजात देता येते असं मला वाटत होतं. माझी अर्ध्या गल्लीने ऐकली असेल.

"ते ठाऊक हाय," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला पाणी प्यायला हाक मारली तेव्हाच ठाऊक होतं. विचारायचं होतं."

"चुकलो, सर."

"माळकरी आले परत, दोन-तीन वर्षांनी. कुणाकुणाला समजावत बसायचं, म्हणून ते औषध देणंच बंद केलं. पण शब्दांच्या गोष्टी सांगायचं मी सोडलं, बघा. डॉक्टरांच्या बैठकीला जायचो, तेही सोडलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी मुंगी म्हणायचं." मग एकदम माझ्याकडे वळले. "ते सगळं असू दे. तुम्ही ग्रीक का सांगितलं?"

"काय, सर?"

"ग्रीक! गोष्ट माझ्या कानावर आली ती दर वेळी ग्रीक. मी तुम्हाला लॅटिन सांगितलं होतं. ग्रीकमध्ये मुंगीला वेगळा शब्द हाय. मला अडाणी केलं ते केलं, पण निदान चूक तरी माझ्या नावावर घालायची नव्हती!"

"पप्पा, तुमच्या नावावर काहीच नव्हतं. सगळं त्यांच्याच नावावर होतं," मुलगी म्हणाली.

"तरी पण. ग्रीक!"

त्यांचा चेहरा खरोखर लाल झाला होता. मी पुन्हा माफी मागितली, या वेळी ग्रीकबद्दल, आणि ती त्यांनी लगेच स्वीकारली. पहिलीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. मुलगी आत जाऊन तांब्या घेऊन आली. पूर्ण भरलेला.

मी स्मरणिकेचं सांगितलं. दोन पानं आहेत, त्यांत खरं छापतो.

"छापलेलं कोण वाचतं?" ती म्हणाली. "तुम्ही गोष्ट सांगत फिरलात ना? मग सांगूनच दुरुस्त करा. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर. आवाज काढून सांगायचात म्हणे."

"काढायचो."

"तसाच काढा. फक्त स्वतःचा."

लिहिल्यावर मी हा मजकूर तिला पाठवला. लाल शाईच्या अकरा खुणा करून तो परत आला. त्यातल्या नऊ शुद्धलेखनाच्या होत्या. दहावी, डॉक्टरांनी अर्धा तांब्या दिला तो पाणी कमी होतं म्हणून, हे वाक्य मी गाळलं होतं, ते घालायला लावलं. अकरावी ग्रीक या शब्दाखाली होती, डॉक्टरांच्या हातची, दोनदा ओढलेली.

संपादकाने वाचून फोन केला. "अरे, पण यात हसायचं कुणाला?"

"मला," मी म्हणालो. "इतकी वर्षं हसण्याची वाट चुकली होती."

तर मित्रहो, स्मरणिका तुमच्या हातात पडेल त्या दिवशी, प्रकाशनाच्या कार्यक्रमात, मी माइकवर मुंगीची गोष्ट सांगणार आहे. एमआर पान उलटतो आणि मेंढपाळ अर्थ सांगतो, तिथे तुम्हाला हसायचं आहे. डॉक्टरांना आणायला गाडी पाठवतो आहे. गुडघ्यांनी परवानगी दिली तर ते पुढच्या रांगेत, मुलीच्या शेजारी बसतील. त्यांच्याजवळ जाऊन शब्दांचं काहीही विचारा. डाव्या कानाशी वाका आणि जोरात बोला. पस्तीस वर्षांचं साचलेलं आहे, वेळ काढून जा.